या आठवड्यात वर्गात काय शिकलास?

पहिली-दुसरीतल्या मुलाची वही कोरी दिसली की आईवडिलांच्या जिवाची घालमेल सुरू होते. पण या दोन वर्षांत मूल जे शिकतं, त्यातलं बरंचसं वहीत उमटतच नाही. मग ते ओळखायचं कसं? आणि घरी त्याला हातभार लावायचा कसा?

मूल शाळेतून आलं, दप्तर कोपऱ्यात पडलं, की घरोघरी एकच प्रश्न ऐकू येतो, ‘‘आज बाईंनी काय शिकवलं?’’ उत्तरही ठरलेलं असतं, ‘‘काही नाही.’’ मग आई दप्तर उघडते. वहीत चार ओळी, एक वाकडातिकडा सूर्य आणि कागदाची चिकटवलेली होडी. शेजारच्यांच्या मुलाच्या वहीत मात्र पानंच्या पानं भरलेली! झालं, आठवडाभरातच शिकवणीची चौकशी सुरू होते. काही घरांत तर सहा वर्षांच्या मुलाला रोज संध्याकाळी तास-दीड तास ओळी गिरवायला बसवतात.

आईवडिलांची काळजी खोटी नसते. फक्त ती चुकीच्या जागी असते. वही किती भरली यापेक्षा या आठवड्यात मुलाला नवीन काय करता येऊ लागलं, हे पाहायला हवं. पहिली आणि दुसरीत मुलाच्या पुढ्यात दोनच मोठी कामं असतात. लिहिलेलं वाचून समजणं आणि संख्या म्हणजे काय ते उमगणं. पुढची सगळी शाळा या दोन खांबांवर उभी राहते. तिसरीत परिसर अभ्यासाचं पुस्तक हातात पडतं, गणितात शाब्दिक उदाहरणं येतात. तोवर ज्याला वाचता येत नाही, ते मूल एका मराठीत नव्हे, सगळ्याच विषयांत मागे पडतं. तेही कुणाच्या लक्षात न येता, कारण वर्गात गप्प बसणारं मूल त्रास देत नाही.

हा धोका किती खरा आहे ते ‘असर’च्या पाहणीवरून कळतं. ‘प्रथम’ ही संस्था २००५ पासून ग्रामीण भारतात घरोघरी जाऊन मुलांचं वाचन आणि गणित तपासते. २०२४ च्या पाहणीत तिसरीतल्या मुलांपैकी २७.१ टक्के मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर नीट वाचता आला. वजाबाकी करता येणारी मुलं होती ३३.७ टक्के. कोरोनाच्या काळात शाळा बंद राहिल्या, त्यानंतरच्या २०२२ च्या पाहणीपेक्षा हे आकडे सुधारलेले आहेत. तरीही चारातल्या तिघांना नीट वाचता येत नव्हतं, असाच त्यांचा अर्थ होतो.

आठवड्याचे चोवीस तास

शाळेत मुलाला वेळ तरी किती मिळतो? शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन व्हायला हवं. म्हणजे दिवसाला चार तास. सहा दिवसांची शाळा धरली तर आठवड्याला चोवीस तास. याच कायद्यात प्राथमिक वर्गांना तीस मुलांमागे एक शिक्षक असं प्रमाण ठरवलेलं आहे. एका तासात बाईंनी प्रत्येक मुलाकडे अगदी समान लक्ष दिलं, तरी एकेकाच्या वाट्याला दोनच मिनिटं येतात.

हे आकडे बाईंना दोष देण्यासाठी नाहीत. मुलाने मोठ्याने वाचावं, कुणीतरी ते शांतपणे ऐकावं, अडखळलं तर थांबून वाट पाहावी, हे काम वर्गात पुरेसं होऊ शकत नाही, एवढंच त्यातून समजून घ्यायचं. ते काम आई, बाबा, आजी, आजोबा, मोठी ताई यांच्यापैकी कुणीही करू शकतं. त्यासाठी पदवी लागत नाही.

खेळतात म्हणजे शिकत नाहीत?

जून-जुलैत पालकांची एक तक्रार हमखास असते. ‘‘महिना झाला, अजून नुसते खेळतायत!’’ पण हे मुद्दाम योजलेलं असतं. पहिलीत येणाऱ्या मुलांसाठी २०२१ मध्ये ‘विद्या प्रवेश’ नावाचा बारा आठवड्यांचा कार्यक्रम देशभरासाठी तयार करण्यात आला. त्यात गाणी, गोष्टी, वस्तूंची वर्गवारी, मणी ओवणं, चित्रं रंगवणं यांतूनच सुरुवात करायची असते.

मणी ओवताना बोटांना जे वळण लागतं, तेच पुढे पेन्सिल धरायला उपयोगी पडतं. ‘क’ने सुरू होणाऱ्या वस्तू सांगा, या खेळात मूल शब्दातला आवाज सुटा करून ऐकायला शिकतं. हा कान तयार झाला नसेल, तर अक्षर दिसतं पण बोलत नाही. लाल मणी एकीकडे आणि निळे दुसरीकडे ठेवताना गणिताची पहिली पायरी चढून होते.

आणि हे काही परदेशातून आलेलं खूळ नाही. गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केलं. त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. पुढे अनुताई वाघ यांच्या साथीने कोसबाडच्या आदिवासी मुलांसाठी त्यांनी आयुष्य वेचलं. गुरं राखायला जाणारी मुलं शाळेत येत नाहीत, म्हणून शाळाच कुरणात नेली. बिया, पानं, शिंपले हीच त्यांची शैक्षणिक साधनं होती. आज आपल्या मुलाच्या दप्तरातून चिंचोके निघाले, तर ते फेकून देण्याआधी एवढं आठवावं.

चार अक्षरं आणि एक काना

वाचनाचं शिक्षण बदललंय, हे अनेक पालकांच्या लक्षात येत नाही. आपण ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत सगळी अक्षरं पाठ केली, मग बाराखडी, मग शब्द. आता बहुतेक ठिकाणी अक्षरं क्रमाने न घेता छोट्या गटांत घेतात. म्हणून आईला वाटतं, ऑगस्ट आला तरी याला ‘ई’सुद्धा येत नाही!

यामागचं कारण साधं आहे. क, म, न आणि र ही चार अक्षरं आणि सोबत फक्त काना, एवढं मुलाला आलं की ते काका, मामा, नाना, कान, नाक, मान, काम, मका, कमान असे कितीतरी शब्द स्वतः वाचू शकतं. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच ‘मला वाचता येतं’ हा आनंद त्याला मिळतो. अठ्ठेचाळीस अक्षरं पाठ होईपर्यंत थांबलेल्या मुलाला तो आनंद महिनोन्‌महिने मिळत नाही. गटानंतर गट येतात, मग वेलांटी, उकार, मात्रा आणि शेवटी जोडाक्षरं. जोडाक्षरांशी झटापट बहुतेक मुलांची दुसरीत चालते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

किती यायला हवं, याचा अंदाज मात्र हवा. जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने तो ठरवून दिला आहे. पहिलीच्या अखेरीस मुलाला चार-पाच सोप्या शब्दांची छोटी वाक्यं वाचता यावीत. दुसरीच्या अखेरीस मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीच्या अखेरीस किमान ६० शब्द, तेही अर्थ समजून. वेगाचा आग्रह कशासाठी? एकेक अक्षर जोडत वाचणारं मूल वाक्याच्या शेवटाला पोहोचेपर्यंत सुरुवात विसरतं. मग वाचून झालं तरी हाती काही लागत नाही. अर्थात मराठीत ‘शाळेतल्यासारखं’ असे लांबलचक शब्द येतात, तेव्हा घड्याळ हातात घेऊन मुलासमोर बसू नये. बोलण्याच्या ओघात वाचतंय आणि नंतर दोन प्रश्नांची उत्तरं देतंय, एवढं पाहिलं की झालं.

पाठ केलंय की वाचतंय?

या अभियानात एक शब्द फार महत्त्वाचा आहे, तो म्हणजे ‘अपरिचित’ मजकूर. मूल पुस्तकातला धडा घडाघडा वाचून दाखवतं आणि घरचे खूश होतात. पण बऱ्याचदा तो धडा वर्गात इतक्यांदा ऐकलेला असतो, की मूल चित्र पाहून म्हणून दाखवतं. सहा वर्षांच्या मुलाची स्मरणशक्ती आपल्याला सहज फसवते.

खात्री करायची सोपी रीत आहे. धड्याच्या मधल्याच ओळीतल्या एखाद्या शब्दावर बोट ठेवून विचारा, हा कोणता? किंवा पुस्तक मिटा आणि दुकानाची पाटी, बसवरचं गावाचं नाव, बिस्किटाच्या पुड्यावरचा शब्द, लग्नपत्रिका, असं काहीही वाचायला द्या. तिथे मूल अडलं तर रागावू नका. कुठे अडलं ते पाहा. वेलांटी आली की अडतं का? ‘घ’ आणि ‘ध’मध्ये गोंधळतं का? एवढं कळलं तर पुढच्या आठवड्याचं काम ठरलं.

पंचवीस लिहायचं, तर बावन्न का?

गणितात आपल्या मुलांपुढे एक खास अडचण असते. बाई म्हणतात ‘पंचवीस’ आणि मूल लिहितं ५२. घरचे म्हणतात, ‘‘लक्ष नाही अभ्यासात.’’ पण मुलाने जे ऐकलं तेच लिहिलेलं असतं. पंचवीसमध्ये आधी पाच ऐकू येतो आणि मग वीस. लिहिताना मात्र २ आधी. एकोणतीसमध्ये तर नऊचा मागमूसही नाही. तिसाला एक कमी, हा हिशेब त्या शब्दात दडलेला आहे. आणि एकोणनव्वदपर्यंत हा नियम पाळणारं मूल ‘एकोणशंभर’ म्हणालं, तर आपण हसतो आणि ‘नव्व्याण्णव’ सांगतो!

याच अडचणीवरून २०१९ मध्ये महाराष्ट्रात मोठं वादळ उठलं होतं. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस, बावीस यांच्या जोडीला ‘वीस एक, वीस दोन’ अशी संख्यानावं दिली होती. गणित समितीच्या प्रमुख होत्या ज्येष्ठ गणितज्ञ डॉ. मंगला नारळीकर. मुलांना जोडाक्षरांनी भरलेले शब्द जड जातात, शिवाय बोलण्याचा आणि लिहिण्याचा क्रम एक झाला तर संख्या लवकर समजते, असं त्यांचं म्हणणं होतं. विरोधकांना त्यात मराठीची मोडतोड दिसली. वाद विधिमंडळापर्यंत गेला, त्यावर विनोदही झाले. आपलं मत कोणत्याही बाजूचं असो, मुलाची अडचण खरी आहे, एवढं त्या वादाने घराघरांत पोहोचवलं.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांत ही अडचण आणखी वेगळी दिसते. इंदूरला किंवा बडोद्याला शाळेत हिंदी, गुजराती संख्यानावं असतात. क्रम मराठीसारखाच, शब्द निराळे. बेळगाव किंवा बंगळूरला कन्नडमध्ये ‘इप्पत्तैदु’ म्हणजे वीस आणि मग पाच. इंग्रजीतही ‘ट्वेंटी फाइव्ह’. शाळेत वीस आधी आणि घरी पाच आधी ऐकणारं मूल काही दिवस गडबडणारच. त्याला थोडा वेळ द्या.

उपाय स्वयंपाकघरात आहे. काडेपेटीच्या काड्या घ्या. दहा-दहांचे गठ्ठे रबर लावून बांधा. पंचवीस म्हणजे दोन गठ्ठे आणि पाच सुट्या काड्या. मुलाने गठ्ठे डावीकडे आणि सुट्या उजवीकडे ठेवल्या की खाली अंक लिहायला सांगा. आठवडाभर रोज पाच संख्या एवढंच करा. बावन्न आणि पंचवीस यांतला फरक मुलाच्या हाताला कळेल. शंभरापर्यंतची उजळणी जरूर म्हणून घ्यावी, पण ती म्हणता येणं आणि संख्या समजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘निपुण भारत’नुसार पहिलीच्या अखेरीस ९९ पर्यंत, दुसरीच्या अखेरीस ९९९ पर्यंतच्या संख्या मुलाला वाचता-लिहिता याव्यात.

वहीतलं गणित आणि बाजारातलं गणित यांचा सांधा जुळवणंही घरच्यांच्याच हातात असतं. नोबेल पारितोषिक विजेते अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांच्या चमूने कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांतली कामकरी मुलं तपासली. त्यांचा अभ्यास २०२५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आला. भाजी विकताना तोंडी हिशेब चोख करणारी ही मुलं शाळेच्या पद्धतीने मांडलेल्या उदाहरणांत अडखळली. उलट शाळेत जाणारी मुलं बाजारातल्या हिशेबात अडखळली. तेव्हा वाण्याकडे जाताना मुलाला बरोबर न्या. वीस रुपये दिले, बारांचा माल घेतला, परत किती? घरी आल्यावर तेच २० – १२ असं पाटीवर मांडून दाखवा. दोन्ही गणितं एकच आहेत, हे मुलाला आपोआप कळत नाही. ते दाखवावं लागतं.

शाळा इंग्रजी, घर मराठी

मूल इंग्रजी माध्यमात घातलं की काही घरांत आईवडील मुलाशी मोडकंतोडकं इंग्रजी बोलू लागतात. हेतू चांगला असतो, परिणाम मात्र उलटा होतो. गोष्ट सांगणं, कारण विचारणं, भांडण मिटवणं, स्वप्न सांगणं या सगळ्यासाठी मुलाला भरगच्च भाषा लागते. ती आईकडून, आजीकडून मिळते. जी गोष्ट एका भाषेत समजली ती दुसऱ्या भाषेत फक्त नाव बदलून येते. जी कुठल्याच भाषेत समजली नाही, ती पाठ करावी लागते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही शक्य तिथे पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवण्यावर भर आहे. तेव्हा शाळा कोणत्याही माध्यमाची असो, घरी मराठीतच गप्पा मारा. शाळेत वाघाची गोष्ट इंग्रजीत ऐकली असेल, तर ती रात्री आजीला मराठीत सांगायला लावा. गोष्ट समजली की नाही, तेही लगेच कळेल.

गृहपाठ आणि परीक्षा किती?

इथे नियम पालकांच्या बाजूने आहेत, पण ते फार थोड्यांना ठाऊक असतात. केंद्राच्या २०२० च्या दप्तरविषयक धोरणानुसार दुसरीपर्यंत गृहपाठ नको आणि तिसरी ते पाचवीला आठवड्यात जास्तीत जास्त दोन तास. पहिली-दुसरीच्या दप्तराचं वजन १.६ ते २.२ किलोपर्यंत असावं, असंही त्यात सुचवलं आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने तर तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठी लेखी परीक्षा अयोग्यच ठरवल्या आहेत. शिक्षकाने मुलाचं निरीक्षण करावं, त्याची चित्रं, त्याचं बोलणं, त्याचं काम पाहावं, अशी त्यात अपेक्षा आहे.

प्रत्यक्षात बऱ्याच शाळा गृहपाठ देतात, चाचण्याही घेतात. कारण पालकच तसा आग्रह धरतात! ‘‘तुमच्याकडे गृहपाठ देत नाहीत का?’’ असं विचारून शाळा बदलणारे आईवडील थोडे नाहीत. सहा वर्षांच्या मुलाच्या गुणपत्रिकेतल्या अर्ध्या गुणासाठी बाईंशी हुज्जत घालणारेही भेटतात. तोच वेळ मुलाचं वाचन ऐकण्यात गेला, तर कितीतरी सत्कारणी लागेल.

घरच्या आठवड्याची आखणी

रोज पंधरा मिनिटं पुरेत. पण ती रोजची हवीत. हे करून पाहा.

• रात्री झोपताना दहा मिनिटं तुम्ही मोठ्याने गोष्ट वाचा, मूल शेजारी बसून ओळींवर बोट फिरवेल. महागडी पुस्तकं नकोत, वाचनालयातलं किंवा मोठ्या भावंडाचं जुनं पुस्तकही चालेल.

• ‘‘काय शिकवलं?’’ असं मोघम विचारू नका. ‘‘आज कोणती गोष्ट ऐकली? त्यात कोण कोण होतं?’’ ‘‘कोणतं नवं अक्षर भेटलं?’’ असं नेमकं विचारलं की ‘‘काही नाही’’ हे उत्तर येत नाही.

• वाचताना मूल अडलं तर मनात पाच अंक मोजा, मग सांगा. लगेच सांगितलं तर मूल तुमच्या तोंडाकडे पाहायला शिकतं.

• आठवड्यातून एकदा मुलाला स्वतःच्या मनाने दोन ओळी लिहू द्या. वाणसामानाची यादी, मामाला चिठ्ठी, काहीही. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका त्या वेळी दाखवू नका.

• शनिवार-रविवारी मुलाबरोबर मागच्या आठवड्याकडे पाहा. काय नवीन येऊ लागलं, ते कॅलेंडरवर एका शब्दात लिहा. ‘उकार’, ‘तीसपर्यंत’, ‘दुकानाची पाटी’. तीन महिन्यांनी ते कॅलेंडर पाहिलं की मूल कुठवर आलं ते स्पष्ट दिसेल.

• पालकसभेत ‘‘कितवा नंबर?’’ असं न विचारता, ‘‘याला नवा मजकूर वाचता येतो का? कोणत्या अक्षरांशी अडतो? घरी आम्ही काय करू?’’ हे तीन प्रश्न विचारा. कोणत्याही चांगल्या बाईंना असे प्रश्न आवडतात.

काळजी कधी करावी?

मुलं एका वेगाने शिकत नाहीत. पहिलीत ‘द’ उलटा काढणारं मूल तिसरीत सुंदर लिहितं. पण रोज कुणीतरी वाचून घेत असतानाही दुसरीच्या दिवाळीपर्यंत सोपे शब्द वाचता येत नसतील, तर वाट पाहत बसू नये. आधी डोळे आणि कान तपासून घ्यावेत. फळा नीट दिसत नाही किंवा एका कानाने कमी ऐकू येतं, हे सहा-सात वर्षांचं मूल स्वतः सांगत नाही. कारण सगळ्यांना असंच दिसतं, असं त्याला वाटत असतं. तरीही अडचण राहिली तर बाईंशी बोलून तज्ज्ञांकडे जावं. वाचन-लेखनातली विशिष्ट अध्ययन अक्षमता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात नोंदलेली आहे. तिचं निदान साधारण आठव्या वर्षाच्या सुमारास करतात. अशा मुलाला आळशी किंवा ढ म्हणणं हा त्याच्यावर अन्याय आहे. शिकवण्याची रीत बदलली की तीही मुलं वाचू लागतात.

तिसरीच्या वर्गात बसण्याआधी आपल्या मुलाने एखादी न पाहिलेली गोष्ट स्वतः वाचावी आणि त्यातला विनोद समजून हसावं, एवढं ध्येय प्रत्येक घराने समोर ठेवावं. ते एका दिवसात गाठता येत नाही, पण त्यासाठी वर्षाला जवळपास पन्नास आठवडे हाताशी असतात. या आठवड्याची पंधरा मिनिटं आज रात्रीपासूनच सुरू करता येतील.